वळण : समर्थांच्या समासापासून भित्तिपत्रकापर्यंत

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाच्या भित्तिपत्रकासाठी विद्यार्थ्यांनी ‘दऱ्याखोऱ्यांतील कविता’ असे शीर्षक ठरवले होते. मजकूर हाताने लिहायचा आणि मथळे मात्र संगणकावरून छापून डकवायचे, अशी एव्हाना रीतच पडून गेली होती. मथळ्यांसाठी कुणीतरी एक अतिशय नटवा, फुलापानांचा फाँट शोधून आणला. छापून आलेला कागद हाती आला तेव्हा त्यावर ‘दर्याखोर्यांतील कविता’ असे होते. त्या फाँटच्या कर्त्याला मराठीतला अर्धचंद्रासारखा ‘र’ ठाऊकच नसावा. त्याने सरळ ‘य’च्या डोक्यावर रफार चढवला होता. दऱ्यांचा दर्या झाला. डोंगर गेले आणि समुद्र आला. गंमत अशी की हा कागद फळ्यावर डकवला जाऊन दोन दिवस तसाच राहिला. येताजाता तो पाहणाऱ्या आम्हां अध्यापकांपैकी एकाच्याही हे लक्षात आले नाही. तिसऱ्या दिवशी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तो काढला आणि विचारले, “सर, हा मथळा हाताने लिहिला तर चालेल का?”

तिच्या प्रश्नात ‘चालेल का’ असा संकोच होता, तो मला त्या चुकीपेक्षाही अधिक बोचला. मराठीच्या विभागात मराठी अक्षर हाताने काढण्यासाठी परवानगी मागावी लागावी, ही स्थिती कशी आली? सुशोभित अक्षर म्हणजे तयार मिळणारी वस्तू, आणि हाताचे अक्षर म्हणजे तिची उणी-अधुरी नक्कल, असा समज कधी रूढ झाला? ह्या प्रश्नांचा माग काढताना जे हाती लागले ते येथे मांडतो. नवशिक्याच्या हाताचा इतिहास असे त्याला म्हणता येईल. थोर सुलेखनकारांची नावे त्यात येतील. पण लक्ष आहे ते पहिल्यांदा टाक हाती धरणाऱ्याकडे.

आरंभ एका शब्दापासून करू. मराठीत अक्षराला ‘वळण’ असते. मुलाला ‘वळण’ लावतात तेही ह्याच शब्दाने. घराण्याचे वळण, गावाचे वळण, अक्षराचे वळण ह्या सर्वांत एकच कल्पना आहे : पुन:पुन्हा त्याच मार्गाने गेल्यामुळे अंगी मुरलेली दिशा. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचारही तिथलाच. कित्ता म्हणजे समोर ठेवलेला नमुना. गिरवणे म्हणजे त्याच रेषेवरून पुन:पुन्हा हात फिरवणे. अक्षर शिकणे ही नुसती ओळखण्याची क्रिया नसून हाताच्या सवयीची क्रिया आहे, हे भाषेने आपल्याही आधी जाणले होते. पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर बोटाने अक्षर काढी. चुकले की हात फिरवून धूळ सारखी करायची आणि पुन्हा काढायचे. कागद महाग होता हे त्याचे व्यावहारिक कारण. पण चुकीची खूण मागे न उरणारे असे साधन नवशिक्याला किती धीर देत असेल, ह्याचाही विचार करावा.

अक्षर कसे काढावे ह्याविषयी मराठीत लिहिला गेलेला सर्वांत वाचनीय जुना मजकूर कोणता, असे कुणी विचारले तर मी समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’तील एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासाचे नाव घेईन. त्याचे नावच ‘लेखनक्रियानिरूपण’ आहे. साहित्याचे विद्यार्थी ‘दासबोध’ वाचतात ते मूर्खलक्षणांसाठी, राजकारणासाठी किंवा विवेकासाठी. हा समास सहसा वगळला जातो. परंतु सतराव्या शतकातील हा समास म्हणजे आजच्या भाषेत हस्तकलेची प्राथमिक पुस्तिकाच आहे. अक्षर घोटून सुंदर करावे, ते वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळीभोर असावी आणि ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात, असे समर्थ सांगतात. काने, मात्रा, वेलांट्या नीट असाव्यात. एका ओळीचा अवयव दुसऱ्या ओळीस लागू नये. त्यासाठी पान आधी शिशाने आखून घ्यावे. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत राहावे; सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे.

ह्या सूचनांत मला दोन विशेष मोलाच्या वाटतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असे समर्थ बजावतात. लिहिणारा आज तरुण आहे, पण वाचणाऱ्याचे डोळे थकलेले असू शकतात. उद्या तोच स्वत:चा थकलेला वाचक असेल. दुसरी सूचना समासाची, म्हणजे कागदाच्या कडेला सोडायच्या जागेची. भोवती जागा सोडून मधेच लिहावे, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. आपण ज्याला मांडणीचे सौंदर्य समजतो, त्या मोकळ्या जागेमागे ग्रंथाच्या आयुष्याची काळजी आहे. त्यानंतर साहित्याची यादी येते : घट्ट कागद, खळ, घोटण्याची साधने, सुऱ्या, कातऱ्या, तऱ्हेतऱ्हेचे रंग, देशोदेशीचे बोरू. सजावट आहे, रंग आहेत; पण ते यादीत शेवटी येतात. आधी अक्षर मोकळे, मग ओळ सरळ, मग पान टिकाऊ आणि मग रंग. नवशिक्याने हा क्रम उलटा केला की काय होते, ते आमच्या भित्तिपत्रकाने दाखवलेच होते.

समर्थ ज्या अक्षराविषयी बोलतात ते बाळबोध, म्हणजे देवनागरी. पण त्याच काळात मराठी हाताला दुसरेही एक वळण होते, ते मोडीचे. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत ह्याने मोडी प्रचारात आणली अशी परंपरा आहे. मोडीची रीत बाळबोधीच्या उलट. बाळबोधीत अक्षर आधी आणि शिरोरेघ मागाहून येते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरांची साखळी सोडत जायची. पोथी बाळबोधीत आणि दप्तर मोडीत, अशी कामाची वाटणी झालेली होती. पोथीचे अक्षर थांबून वाचायचे, दप्तराचे धावत लिहायचे. तरीही धावत्या लिपीत सौंदर्याचा आग्रह सुटला नाही. चिटणिशी, बिवलकरी अशी मोडीची वळणे घराण्यांच्या नावांनी ओळखली जात, ह्याचा अर्थ असा की कारकुनाच्या हाताला शैली होती आणि ती शैली पाहणाऱ्याला ओळखू येई. पुण्याच्या पेशवे दप्तरापासून तंजावरपर्यंत मोडी कागदांचे जे प्रचंड साठे आहेत, ते अनाम हातांच्या अशा वळणांचेही साठे आहेत.

मग मुद्रण आले. मराठीपुरता त्याचा प्रारंभ महाराष्ट्रापासून फार दूर, बंगालमधील श्रीरामपूर येथे झाला. विल्यम केरी ह्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी छापले गेले आणि १८१० साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला तो मोडी खिळ्यांनी. म्हणजे मराठी मुद्रणाने आरंभी दोन्ही वळणे आजमावून पाहिली होती. पुढे देवनागरीच टिकली. खिळा म्हणजे सुटे अक्षर. बाळबोधीत अक्षर अक्षरापासून वेगळे उभे असते, ते खिळ्यात बसते. मोडीचे सारे सौंदर्य एका अक्षरातून दुसऱ्यात शिरणाऱ्या रेषेत. ती रेषा शिशाच्या तुकड्यांत कापली की मोडी मोडूनच पडते. छापलेल्या पुस्तकाची लिपी बाळबोध ठरली आणि मोडी केवळ हातावर जगत राहिली. विसाव्या शतकात कचेऱ्यांतून आणि शाळांतून ती हळूहळू उठली, तेव्हा तिला आधार द्यायला छापील पानांची पुरेशी शिदोरी उरली नव्हती. हाताचे वळण सुटले की लिपी कशी परकी होते, ह्याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्याच पणजोबांचे खरेदीखत आपल्याला वाचता येत नाही, ते वाचायला जाणकार शोधावा लागतो.

खिळ्यांची मराठी रुजण्याआधी मुंबईत एक मधला टप्पा होता, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात लेखकाने हाताने लिहिलेले पान दगडावर उतरते आणि दगडावरून कागदावर. यंत्र आहे, पण अक्षर हाताचेच आहे. वाचकाला छापील वस्तू परकी वाटू नये, ह्यासाठी पोथीच्या रूपातच पहिली छापील पाने त्याच्या हाती आली. धर्मकार्याला चालावी म्हणून शाईत चरबीऐवजी तूप वापरले गेल्याचे सांगतात. तेही ह्याच संकोचाचे लक्षण. पुढे गणपत कृष्णाजी खिळ्यांकडे वळले. जावजी दादाजी ह्यांनी १८६४ साली अक्षरांची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू ह्यांच्यासारख्या कुशल कारागिराने कोरलेली निर्णयसागरची अक्षरे पुढे संस्कृत आणि मराठी ग्रंथांचे जणू प्रमाण वळण ठरली. जोडाक्षरे, मात्रा, उकार धरून देवनागरीच्या एका संचाला शेकडो खिळे लागत, आणि त्यांतला प्रत्येक खिळा कुणीतरी उलट्या आकारात पोलादावर कोरलेला असे. आपण ज्याला ‘छापील अक्षर’ म्हणतो, त्याच्या मुळाशीही हातच होता हे विसरू नये.

एवढ्या खिळ्यांचे ओझे छापखान्याला जड होई. लिपीच सोपी करावी असा विचार त्यातून पुढे आला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली : ‘इ’, ‘ई’, ‘उ’ ही स्वतंत्र अक्षरे सोडून ‘अ’लाच वेलांट्या-उकार लावायचे. काही पुस्तके आणि नियतकालिके तशी निघालीही. आज ती पाने पाहताना आपल्याला चुकल्यासारखे होते. पण त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. यंत्राने लिपीसाठी बदलावे की लिपीने यंत्रासाठी, असा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर शेवटी तंत्रज्ञानाने दिले : यंत्र बदलले. तोवर मधल्या काळात यंत्राला न पेलणारे सगळे काम हाताकडेच राहिले.

ते काम थोडे नव्हते. पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची शीर्षके, नाटकांच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, चित्रपटांचे फलक. कमल शेडगे (१९३५-२०२०) ह्यांनी नाटकांच्या नावांना दिलेली रूपे एका पिढीने नाटक पाहण्याआधी वर्तमानपत्राच्या चौकटीत पाहिली. नाव वाचताक्षणी नाटकाची जात कळावी, विनोदी की ऐतिहासिक की गूढ, हे त्या अक्षरांचे काम असे. र. कृ. जोशी (१९३६-२००८) हे कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातले कलावंत आणि पवईच्या आयआयटीतील अध्यापक. अक्षर हा ध्वनीचा आकार आहे, ह्या जाणिवेने त्यांनी काम केले. आणि विंडोज प्रणालीतून घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँटही त्यांचाच. हाताचा एवढा मोठा कैवारी यंत्राच्या अक्षराचाही कर्ता असावा, ह्यात मला विसंगती दिसत नाही. खिळा कोरणाऱ्या कारागिराचीच ती परंपरा आहे. अच्युत पालव ह्यांनी मोडीचा अभ्यास करून तिचे वळण देवनागरीशी जोडले आणि ‘मुक्तलिपी’ घडवली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सुलेखन ही स्वतंत्र कला असल्याची ती राजमान्यताही ठरली.

संगणकाच्या पहिल्या दशकांत मराठी फाँट एकमेकांशी बोलत नसत. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य चिन्हांचा ढिगारा दिसे. युनिकोडने तो प्रश्न बराच सोडवला. २०१४ साली मोडीलाही त्यात स्थान मिळाले. आज ‘मुक्त’, ‘मोदक’ यांसारखे मुंबईत घडलेले देवनागरी फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत. ‘मोदक’ तर नावासारखाच गुबगुबीत. लिपीचा सांगाडा ठाऊक असलेल्या हातांनी किती लाडिकपणा करता येतो, हे त्यात दिसते. तेव्हा फाँट वाईट आणि हात चांगला, असा सरधोपट निकाल मी देणार नाही. पण सगळे नटवे फाँट अशा जाणत्या हातांतून आलेले नसतात. काहींत रोमन अक्षरांचे अलंकार देवनागरीवर चढवलेले असतात, काहींत मराठी वळणांचा पत्ताच नसतो. मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो, हिंदी वळणाचा दांडीला धरून उभा. ‘श’चेही तसेच. मराठीसाठी प्रमाण वर्णमाला कोणती, हे राज्य शासनाला २००९ साली निर्णय काढून सांगावे लागले. ज्याने ही वळणे कधी हाताने गिरवली नाहीत, त्याला फाँटमधली चूक दिसत नाही. आम्हां अध्यापकांना दोन दिवस ‘दर्या’ दिसला नाही, त्याचे कारण हेच होते. आम्ही ते अक्षर वाचत होतो. काढून कित्येक वर्षे झाली होती.

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीकडे. तिने बाजारातून सुलेखनाचा रुंद टोकाचा पेन आणला आणि दोन दिवस झटूनही अक्षर जमेना. दोष तिच्या हाताचा नव्हता. बाजारातला तसा पेन बहुधा रोमन अक्षरासाठी घडवलेला असतो. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरपी रेषा जाड येते. देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. म्हणून देवनागरीच्या बोरूचा छेद उलट्या बाजूने तिरका असतो. रोमनचा पेन सरळ धरून देवनागरी लिहिली की जाडी नको तिथे येते आणि अक्षर परक्या उच्चारात बोलल्यासारखे दिसते. हे कळल्यावर तिने आइस्क्रीमच्या काडीचे टोक ब्लेडने तिरके कापले, डावी कड लांब आणि उजवी आखूड ठेवली, पॉलिश पेपरवर घासली आणि शाईत बुडवली. पहिल्याच ‘द’ने सारा वर्ग तिच्या बाकाभोवती गोळा झाला.

त्यानंतर तिने जे केले ते मी नवशिक्यांना नेहमी सांगतो. दोन पेन्सिली रबराने एकत्र बांधून तिने आधी मोठी अक्षरे काढली. दोन टोकांच्या दोन रेषा उमटतात, त्यामुळे जाडी कुठे वाढते, कुठे आटते, हे अक्षराच्या आतूनच दिसते. मग काडीच्या टोकाची रुंदी हे माप धरून तिने पान आखले. शिरोरेघेच्या वर मात्रा-वेलांट्यांना आणि खाली उकारांना जागा ठेवली. समर्थांनी सांगितलेली शिशाची रेघ तीच. ‘दऱ्या’मधला तो अर्धचंद्र तिने तीसचाळीस वेळा गिरवला. शेवटी मथळा उभा राहिला तेव्हा त्यात एकही फूल किंवा पान नव्हते. ‘खो’ किंचित मोठा झाला होता, ‘कविता’तला ‘ता’ कडेला जरा दाटला होता. पण दऱ्या पुन्हा दऱ्या झाल्या होत्या.

आमच्या विषयात आपण संहितेविषयी, पाठभेदांविषयी बरेच बोलतो. लेखकूच्या एका चुकीने अर्थ कसा पालटतो, हे हस्तलिखितांच्या संदर्भात विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु ते शिकवताना लेखकू म्हणजे कुणीतरी जुना, दूरचा, अज्ञ मनुष्य असे आपण नकळत सुचवत असतो. प्रत्यक्षात मजकूर उतरवणारा प्रत्येक जण लेखकू आहे. फाँट निवडणाराही आणि तो तपासून न पाहणारा अध्यापकही. पाठचिकित्सेचा पहिला धडा ज्ञानेश्वरीच्या प्रतींपासून सुरू करण्याऐवजी एखाद्या वर्षी तिरक्या कापलेल्या काडीपासून सुरू करून पाहावा, असे मला आता वाटते. ज्याने ‘ऱ्य’ हाताने काढला आहे, त्याच्या डोळ्यांतून तो निसटत नाही.

त्या वर्षीपासून आमच्या भित्तिपत्रकाचे मथळे हाताने लिहिले जातात. मजकूर मात्र आता पुष्कळदा छापलेला असतो; मुलांना वेळ नसतो आणि तो आग्रह मी धरत नाही. मथळा लिहायला येणाऱ्याला मी आधी समर्थांचा तो समास वाचायला देतो, मग काडी आणि ब्लेड. पहिली अक्षरे बहुतेकांची वाकडीच येतात. धूळपाटी नाही, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आम्ही त्यासाठी जपून ठेवतो.